ऐनाच्या पायाशी सात हंडे

एका राज्यात डोंगर होते सात आणि त्यांतून निघणारे झरेही सात. डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात एक गाव होतं, गावाच्या वरच्या अंगाला एक घर होतं, घरापुढे अंगण होतं आणि अंगणात एक ऐन उभा होता. ऐन केवढा? चार माणसांनी हातात हात धरले तरी कवेत न येणारा. साल मगरीच्या पाठीसारखी, काळपट आणि चिरफाळलेली. खोडाला फांद्या सात, आणि एकेक फांदी एकेका डोंगराकडे वळलेली.

त्या घरात वेणाई राहत असे. लग्न होऊन ती दूरच्या गावी गेली होती. नवरा तिसऱ्या वर्षी तापाने गेला, तेव्हा ती बापाच्या घरी परत आली. पुढे बापही गेला. घर, अंगण आणि ऐन एवढं तिच्या वाट्याला उरलं. तिला तेवढं पुरत होतं.

ऐनाच्या पोटात पाणी असतं. रानातल्या माणसांना हे ठाऊक असतं, राजांना नसतं. बावीस वर्षांपूर्वी, वैशाखातल्या एका दुपारी, त्या राज्याचा तरुण राजा सुकेतु शिकारीत वाट चुकला. घोडा वाटेत पडला, बरोबरचे लोक मागे राहिले, आणि तो रांगत रांगत वेणाईच्या अंगणात येऊन कोसळला. घरातला रांजण त्या दिवशी कोरडा होता आणि झरा अर्ध्या कोसावर. वेणाईने क्षणभर राजाच्या ओठांकडे पाहिलं. मग कोयता उचलून ती ऐनापाशी गेली. खोडावर एक फुगवटा होता, तिथे तिने चीर दिली. आतून पाण्याची धार सुटली. थंड, किंचित तुरट. राजा ओंजळीने प्यायला आणि जगला.

राजा कृतज्ञ होता. तिसऱ्या दिवशी त्याने पाथरवट धाडले, गाड्या धाडल्या, आणि आपल्या दरबारचा मांत्रिक बंधनाथ धाडला. ऐनाच्या बुंध्याभोवती कमरेइतका उंच दगडी पार बांधला गेला. पाराच्या पोटात माती भरली गेली, आणि मातीत सोन्याने भरलेले सात तांब्याचे हंडे पुरले गेले. सोनं झाडाचं, झाडाने राजाला दिलेल्या पाण्याचं. कुणी चोरू नये म्हणून बंधनाथाने त्यावर सात गाठी मारल्या आणि म्हटलं, "ज्याने हे ठेवलं त्याच्यावाचून दुसऱ्या कुणी यातलं काही काढायला हात घातला, तर तो हात लाकडाचा होईल."

मग लांबलांबून लोक पार पाहायला येऊ लागले. येताना नारळ आणत, फुलं आणत, दुधाच्या चरव्या आणत. दूध पाराच्या मातीत ओतत. वेणाई रोज पहाटे उठून पार झाडी, पडलेलं पान न् पान उचलून उकिरड्यावर टाकी, दर दिवाळीला दगडांना चुना देई. लोक म्हणत, "ही ती, जिने राजाला पाणी पाजलं." ऐकून वेणाईला बरं वाटे. कुणाला वाटणार नाही?

सातव्या वर्षी पूर्वेकडची फांदी शेंड्यापासून वाळली. त्याच वर्षी पूर्वेच्या डोंगरातला झरा आटला. त्या राज्यात झाडं आणि झरे असे एकमेकांशी बांधलेले असत. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, वाईट मात्र वाटलं. मग दुसरी फांदी गेली, दुसरा झरा गेला. मग तिसरी. बाविसाव्या वर्षी चौथी फांदी वाळली, आणि खोऱ्यातल्या बाया उरलेल्या तीन झऱ्यांवर हंडे घेऊन रांगेत उभ्या राहू लागल्या. वेणाईने सगळे उपाय केले. रोज वीस घागरी पाणी घातलं. शेण घातलं, राख घातली. नवस बोलली. ऐन खंगतच गेला.

त्या माघात धनेशाची जोडी आली. धनेश म्हणजे मोठ्या पिवळ्या चोचीचा, चोचीवर टोप घातल्यासारखा पक्षी. ऐनाच्या खोडात उंचावर एक ढोली होती. मादी ढोलीत शिरली, दोघांनी चिखलाने तोंड लिंपून घेतलं, आणि एका फटीतून नर तिला उंबरं भरवू लागला. पिल्लं उडण्याजोगी होईपर्यंत असंच चालायचं.

एका सकाळी वेणाई विसावी घागर ओतत होती. नर फांदीवर बसून तिच्याकडे पाहत होता. त्या राज्यात पक्षी बोलत, पण कामाशिवाय बोलत नसत.

"बाई," धनेश म्हणाला, "माझी बायको आत आहे. हे झाड पडलं तर तिला उडता यायचं नाही. आत असताना तिचे पंख झडलेले असतात."

वेणाईने घागर खाली ठेवली. "मग सांग, धनेशा, मी काय करू? करायचं काही बाकी ठेवलेलं नाही."

"तेच तर," धनेश म्हणाला. "याचा गळा कोरडा नाही. याचे पाय पुरले आहेत. पायाला वारा लागत नाही, आणि मांत्रिकाच्या गाठी दर वर्षी एक पेर आवळतात. तीन कामं आहेत. पहिलं, ज्याने पायावर ओझं ठेवलं त्यानेच ते उचलावं. दुसरं, याच्या आईच्या पायाची माती आणून याच्या पायाशी घालावी. तिसरं, माती घातल्यावर वर्षभर याला हात लावू नये. घागर नको, कोयता नको, केरसुणी नको."

"तिसरं सोपं आहे," वेणाई म्हणाली.

धनेश उंबरं आणायला उडून गेला.

वेणाईला धीर नव्हता. राजधानी चार दिवसांच्या वाटेवर होती, आणि पाराचा दगड तर समोर होता. तिने पहारीने एक दगड सैल केला आणि डाव्या हाताने ओढला. करंगळीत कळ आली आणि गेली. पाहते तो करंगळी ऐनाच्या लाकडाची झाली होती, वर बारीक साल. तिने करंगळी पहारीवर आपटून पाहिली. टक्क असा आवाज आला. मग ती घरात गेली, चार दिवसांच्या भाकऱ्या बांधल्या आणि राजधानीच्या वाटेला लागली.

राजा सुकेतु आता पन्नाशीला टेकला होता. केस पिकले होते, पण वेणाईला त्याने ओळखलं. सिंहासनावरून उठून तो दोन पायऱ्या खाली आला.

"माग," राजा म्हणाला. "जे मागशील ते देईन."

"महाराज, मागायला आले नाही. दिलेलं परत घ्या म्हणून सांगायला आले आहे."

दरबारातले लोक एकमेकांकडे पाहू लागले. कारण त्या राज्याचं सिंहासन एका शब्दावर उभं होतं. पहिल्या राजाने तो दिला होता: जो राजा दान परत घेईल, त्याच्या डोक्यावर मुकुट राहणार नाही. हे लहान मुलालाही पाठ होतं. वेणाईलाही ठाऊक होतं. तरीही ती चार दिवस चालून आली होती.

तिने ऐनाची सगळी हकीकत सांगितली. करंगळी पुढे करून दाखवली.

"मी दुसरं काही देतो," राजा घाईने म्हणाला. "झाडावर चांदीचं छत घालतो, ऊन लागणार नाही. शंभर माणसं पाणी घालायला ठेवतो."

"महाराज, पाया पडते. आणखी काही देऊ नका."

राजाचा चेहरा उतरला. "वेणाई, माझ्या हातून आयुष्यात एक गोष्ट मनापासून झाली. ते दान. तेही चुकलं म्हणतेस?"

 वेणाई म्हणाली, "मन चुकलं नाही, महाराज. जागा चुकली."

राजा तीन दिवस दरबारात आला नाही. वेणाई वाड्याच्या बाहेर धर्मशाळेत बसून राहिली. चौथ्या दिवशी सकाळी धर्मशाळेच्या दारात घोडा थांबला. राजा एकटाच होता.

"मला आधी झाड दाखव," तो म्हणाला.

अंगणात पोहोचल्यावर राजाने वर पाहिलं. चार वाळक्या फांद्या आभाळात नुसत्याच उभ्या होत्या. तो पारावर चढला, खोडाला कान लावला आणि डोळे मिटले. बावीस वर्षांपूर्वी त्याने असाच कान लावला होता, तेव्हा आत पाणी हलत होतं. आता काही ऐकू येईना. बराच वेळ तो तसाच उभा होता. खाली उतरला तेव्हा त्याच्या गालावर सालीचे ओरखडे उठले होते.

"बंधनाथाला बोलवा," राजा म्हणाला.

बंधनाथ आला, आणि त्याच्याबरोबर राजाचं छत्र धरणारेही आले. दाढी गुडघ्यापर्यंत, बोटं वेलीच्या तणाव्यांसारखी लांब. तो दुष्ट नव्हता. त्याला गाठ मारता येत होती आणि आपल्या गाठीचा त्याला अभिमान होता, इतकंच. गावकरी अंगणाच्या कडेने उभे राहिले. राजकन्या मेघावतीही बापामागोमाग आली होती. ती दाराशी थांबली.

"राजा, काय म्हणतोस?" बंधनाथाने विचारलं.

"मी ठेवलेलं मी परत घेतो."

राजाच्या माथ्यावरचं छत्र धरणाऱ्याच्या हातातून सुटलं आणि जमिनीला लागायच्या आत धूर होऊन गेलं.

"आठवून बोल. काय म्हणतोस?"

"मी ठेवलेलं मी परत घेतो."

राजमुद्रेची अंगठी बोटातून निखळली आणि पाण्याचा थेंब होऊन मातीत जिरली.

"तिसऱ्यांदा विचारतो. पुढे विचारणार नाही. काय म्हणतोस?"

सुकेतुने मुलीकडे पाहिलं. मेघावतीने मान हलवली नाही, नजरही वळवली नाही.

"मी ठेवलेलं मी परत घेतो," सुकेतु म्हणाला. मुकुट त्याच्या डोक्यावरून आपोआप उचलला गेला, अंगणावरून तरंगत गेला आणि मेघावतीच्या केसांवर जाऊन बसला. ती रडत होती, पण ताठ उभी होती.

मग सुकेतु, ज्याच्यापाशी आता काही नव्हतं, पाराजवळ गेला आणि त्याने दोन्ही हातांनी पहिला दगड उचलला. हात हातच राहिले. वेणाईच्या करंगळीवरची साल गळून पडली आणि खालून गुलाबी कातडं निघालं. तेवढ्यात गावकरी पुढे सरसावले. दगड निघाले, माती निघाली, हंडे निघाले. मुळांनी हंड्यांना विळखे घातले होते आणि ती मुळं चेपून चपटी झाली होती. बुंध्याची पुरलेली साल काळी पडली होती, कुजक्या दुधाचा वास येत होता. वेणाईने पुढची माती पहारीने काढू दिली नाही. लाकडाच्या उलथण्याने आणि बोटांनी उकरून तिने तीन दिवसांत ऐनाचे पाय मोकळे केले. बुंधा खाली रुंद होत जातो, मुळं जमिनीवर बोटं पसरल्यासारखी पसरतात, हे ती बावीस वर्षांनी पुन्हा पाहत होती.

हंडे गाड्यांवर चढले आणि नव्या राणीबरोबर राजधानीला गेले.

बंधनाथ जाताना वेणाईपाशी थांबला. "सहा गाठी सुटल्या," तो म्हणाला. "सातवी माझ्या हातात नाही. ती झाडाने अंगात ओढून घेतली आहे. ती कशी सुटते, मला माहीत नाही." हे सांगताना त्याची मान खाली होती.

सुकेतु कुठे गेला नाही. "मला जायला घर नाही," तो म्हणाला. "आणि तू ऐनाच्या आईकडे मातीला जाशील, तेव्हा इथे कुणी तरी हवं."

"महाराज, माझ्या घरी नाचणीची भाकरी असते."

"महाराज म्हणू नकोस."

वेणाईने विचार केला. "बरं, दादा," ती म्हणाली, आणि ओसरीवर त्याचं अंथरूण घातलं.

ऐनाची आई सातव्या डोंगरापलीकडच्या रानात होती. वाट धनेशाने सांगितली. वेणाई तीन दिवस चालली. पहिल्या दिवशी पायवाट संपली, दुसऱ्या दिवशी आभाळ दिसेनासं झालं, तिसऱ्या दिवशी पायांखालची जमीन मऊ झाली, कारण तिथे शंभर पावसाळ्यांची पानं पडून कुजत होती आणि ती कुणी झाडली नव्हती. मधोमध ऐनमाता उभी होती. तिचा शेंडा दिसत नव्हता.

"कोण आलं आहे?" ऐनमातेने विचारलं. आवाज खालून, पायांतून वर आला.

"मी वेणाई. तुमचं लेकरू माझ्या अंगणात आहे. आजारी आहे. तुमच्या पायाची माती मागायला आले."

"माझ्या लेकराला काय झालं?"

"राजाने त्याच्या पायावर सोनं पुरलं."

"आणखी?"

"मांत्रिकाने गाठी मारल्या."

"आणखी?"

वेणाई थांबली. पानांचा ओला वास नाकात शिरत होता. खोटं बोलायला ती काही आली नव्हती, पण खरं एवढ्या आत जाऊन बसलं होतं की तिचं तिलाच बाहेर काढवेना.

"आणखी मी," ती अखेर म्हणाली. "पहिली फांदी वाळली तेव्हाच माझ्या मनात आलं होतं की हे पारामुळे असेल. मी कुणाला सांगितलं नाही. पार गेला तर लोक यायचे बंद होतील, असं वाटलं. माझ्याकडे तोवर कधी कुणी आलं नव्हतं. मग मी जास्त पाणी घालत राहिले, जास्त झाडत राहिले. पंधरा वर्षं."

 वेणाईला वाटलं, आता माती मिळायची नाही.

"पदर पसर," ऐनमाता म्हणाली.

वेणाईने पदर पसरला. मुळांमधून काळी, भुसभुशीत माती आपण होऊन वर आली आणि तिच्या ओटीत पडली. मातीत पांढऱ्या सुतासारखे तंतू होते, आणि ते हलत होते.

"लेकीची ओटी भरावी तशी भरली आहे," ऐनमाता म्हणाली. "वाटेत खाली ठेवू नकोस."

तीन दिवस वेणाईने पदर सोडला नाही. झोपली तीही बसून, ओटी पोटाशी धरून. घरी येऊन तिने ती माती ऐनाच्या पायाशी पातळ पसरली. सुकेतुने गोळा केलेली वाळकी पानं वर अंथरली. त्या दिवशी चैत्रातली पंचमी होती.

आणि मग तिसरं काम सुरू झालं, जे सोपं होतं.

पहाटे उठून वेणाईचा हात केरसुणीकडे जाई. तिने केरसुणी माळ्यावर टाकली. मग हात घागरीकडे जाई. वैशाखात धनेशाच्या मादीने लिंपण फोडलं, पिल्लं बाहेर आली, पंख फडफडवून पाहिले आणि चौघंही रानाकडे उडून गेली. अंगण ओकंओकं झालं. ज्येष्ठात जिवंत राहिलेल्या तीन फांद्यांवर पालवी यायला हवी होती. आली ती विरळ, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि आठ दिवसांत तीही गळली. एका दुपारी ऊन इतकं चढलं की वेणाईला राहवेना. ती भरलेली घागर घेऊन ऐनाकडे निघाली.

ओसरीवर सुकेतु दोरी वळत बसला होता. त्याने पाहिलं.

"वेणाई, ती घागर इकडे आण. मला तहान लागली आहे."

ती वळली. सुकेतु तांब्यामागून तांब्या प्यायला. तिसऱ्या तांब्याला त्याला ठसका लागला. उरलेलं पाणी त्याने परसातल्या दुधीला घातलं आणि रिकामी घागर तिच्या हातात दिली.

"दादा, तुम्हाला तहान नव्हती," वेणाई म्हणाली.

"नव्हती."

दोघं हसली. मग वेणाई उंबऱ्यावर बसली आणि बऱ्याच वर्षांनी मोकळेपणी रडली.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. करायला काही नसे, म्हणून दोघं बसत. सुकेतु म्हणे, राज्य करताना आपण इतका वेळ एका जागी कधी बसलो नाही. बसल्या बसल्या त्यांना दिसू लागलं की वाळक्या पानांखाली किडे आले, किड्यांमागे सातभाई पक्षी आले, जमीन पायाला मऊ लागू लागली. ऐनाकडे पाहिलं तर मात्र काहीच दिसत नसे. माघात धनेशाची जोडी परत आली. नराने ढोलीत डोकावून पाहिलं, मादी आत शिरली आणि चिखल लिंपू लागली. वेणाई खालून ओरडली, "धनेशा, हे उभं राहील का रे?" पण बोलण्याजोगं काम नसावं. त्याची चोच चिखलाने भरली होती.

चैत्रातली पंचमी उजाडली. वर्ष पुरं झालं.

वेणाई पहाटेच अंगणात येऊन उभी राहिली. ऐन होता तसाच होता. सातही फांद्यांवर एक पान नव्हतं. ऊन वर आलं, डोक्यावर आलं, काही झालं नाही.

दुपारी गावचा पाटील हैबतराव आला. बरोबर चार माणसं होती आणि कुऱ्हाडी होत्या. तो वाईट माणूस नव्हता. बारवेवरचं एक वाळकं झाड अंगावर पडून त्याचा भाऊ गेला होता.

"वेणाक्का," तो म्हणाला, "वर्षभर कुणी तुला बोललं नाही. आता वर्ष झालं. वादळात हे घरावर आलं तर दोघं आतच चिरडाल. पाडू दे, मी स्वतः माणसं लावतो. लाकूड तुझं."

"आणि झरे?"

"झरे असेही आटायलेतच, अक्का."

वेणाईने सुकेतुकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी माझ्या वाट्याचं केलं. पुढचं तू ठरव. अंगण तुझं आहे."

आता तिला हात लावायची मुभा होती. पाणी घालता येत होतं, तोडता येत होतं. कुणाचा हुकूम उरला नव्हता, पक्ष्याचा नाही, मांत्रिकाचा नाही. ती पानांच्या थरावरून हळू पाय टाकत ऐनापाशी गेली. पश्चिमेकडच्या फांदीची एक काटकी हाताला येत होती. तिने अंगठ्याच्या नखाने सालीचा बारीक पापुद्रा खरवडला.

खाली हिरवं होतं. ओलं, नखाएवढं हिरवं.

दुसरी काटकी खरवडायला हात उठला होता. तिने तो मागे घेतला.

"पाटील," ती म्हणाली, "तुम्ही म्हणता ते खोटं नाही. चार फांद्या गेल्या आहेत. त्या वादळाआधी उतरवू, घरावरच्या आधी. पण झाडाला कुऱ्हाड लागणार नाही. मी थांबणार आहे."

"किती दिवस?"

"ते मी त्याला विचारणार नाही."

हे तिने म्हटलं मात्र, आणि खोडाच्या आत, खोलवर, काहीतरी सुटल्याचा आवाज झाला. ओली दोरी ताणातून मोकळी व्हावी तसा. सगळ्यांनी ऐकला. चौघांतल्या एकाने कुऱ्हाड खाली ठेवली. सातवी गाठ सुटली होती.

तरीही पान आलं नाही. गाठ सुटली म्हणून झाड आपली चाल बदलत नाही. पंचमी गेली, पौर्णिमा गेली, अमावास्या गेली. वैशाखाच्या शेवटी, पाटलाने आणि वेणाईने दोर बांधून चौथी वाळकी फांदी खाली उतरवली, तेव्हा वर चढलेला माणूस ओरडला, "अक्का, इथे बघा!" तोडलेल्या जागेच्या खाली, खोडातूनच, तांबूस पालवीचा एक झुपका फुटला होता. मग दिसत गेलं. चारही गेलेल्या फांद्यांच्या बुडाशी असेच झुपके. उरलेल्या तीन फांद्या तर शेंड्यापर्यंत तांबूस झाल्या होत्या.

चार दिवसांनी पूर्वेच्या डोंगरातून एक बाई धावत आली. झरा आला होता. करंगळीएवढा, पण आला होता. मग दुसरा आला, मग तिसरा, मग चौथा. पावसाळ्यानंतर ते मनगटाएवढे झाले. बायांच्या रांगा मोडल्या. ऐन मात्र पहिल्यासारखा भरदार कधीच झाला नाही. तो एका अंगाला झुकल्यासारखा, खांद्यांवर कोवळी बोटं फुटल्यासारखा दिसे. नवख्या माणसाला तो कुरूप वाटे. वेणाईला तसं कधी वाटलं नाही.

कार्तिकात राणी मेघावती आली. राज्य तिने चोख चालवलं होतं. परत आलेल्या सोन्यातून तिने रस्ते बांधले, आणि बापाच्या वेळचा एकही नेम मोडला नव्हता. सुकेतुला ती म्हणाली, "बाबा, चला. मुकुट नसला तरी वाडा आहे."

"येईन अधूनमधून," सुकेतु म्हणाला. "इथे दुधीला पाणी घालायला कुणी नाही."

राणीने मग वेणाईला नमस्कार केला. बरोबरच्या दासींच्या हातांत तबकं होती. राणी ऐनाकडे वळली आणि सावलीच्या कडेपाशी आपोआप थांबली.

"वेणामावशी, माझ्या राज्याचं पाणी याने परत दिलं. मी रिकाम्या हाती कशी जाऊ? याला काय देऊ?"

वेणाईने तबकांकडे पाहिलं, राणीच्या दमलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुकुटाने तिच्या कपाळावर लाल वळ उठवला होता.

"तबकं ओसरीवर ठेवा," ती म्हणाली. "आणि बसा जरा. इथे, पानांवर. काही बोलायला नको."

राणीने जोडे काढले, मुकुट काढून मांडीवर ठेवला आणि खाली बसली. मग सुकेतु बसला, वेणाई बसली. वर वारा आला, आणि ऐनाचं एक पान सुटून गिरक्या घेत खाली आलं. ते कुणी उचललं नाही.

अशा त्या सातही गाठी सुटल्या, असे ते झरे वाहते झाले. ज्यांनी ऐकलं त्यांच्या अंगणात सावली राहो.